पोटाला पट्ट्या लावून पुरुषांना बाळंतकळा समजतील का?

घाटंजीकर (धागा सुरू करणारे)

आमच्या गावात दिवाळीनंतर तरुण मंडळातर्फे आरोग्य शिबिर भरते. रक्तदाब, साखर, डोळे आणि सिकलसेल यांची तपासणी दरवर्षी होतेच. यंदा मंडळातील काही मुलांनी असे सुचवले आहे की, पुरुषांच्या पोटाला पट्ट्या चिकटवून विजेच्या प्रवाहाने बाळंतकळांचा अनुभव देणारे यंत्र शिबिरात ठेवावे. अशा चित्रफिती मोबाइलवर बहुतेकांनी पाहिल्या असतील. चीनमधील जिनान शहरात २०१४ मध्ये एका प्रसूती रुग्णालयाने होऊ घातलेल्या वडिलांना हा अनुभव मोफत देऊ केला होता आणि त्याची बातमी जगभर पोहोचली होती.

मुलांचा हेतू प्रामाणिक आहे. बाळंतपण हा बायकांचा मामला, त्यात पुरुषाने लक्ष घालायचे नसते, ही समजूत आमच्याकडे अजून घट्ट आहे. बाईला दवाखान्यात नेले जाते, नवरा बाहेर कडुनिंबाखाली उभा राहतो, आत काय चालले आहे हे त्याला कोणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. शेवटी कोणीतरी बाहेर येऊन "मोकळी झाली" एवढेच सांगते. पुढे सव्वा महिना पुरता होण्याआधीच काही जणी कापूस वेचायला वावरात दिसतात आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही.

येत्या रविवारी मंडळाची बैठक आहे. या यंत्राने पुरुषांना खरोखर काही कळेल का, आणि कळणार नसेल तर दुसरे काय करावे, यावर सर्वांची मते हवी आहेत. ताई-मावश्यांनी विशेष मोकळेपणाने लिहावे.

निवृत्त_सिस्टर

घाटंजीकर दादा, विषय काढलात हे फार चांगले केले. मी चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत आरोग्यसेविका होते आणि नोकरीचा बराच काळ प्रसूतिगृहात गेला. यंत्राकडे नंतर येऊ. आधी कळा म्हणजे काय ते सांगते, कारण पुष्कळ पुरुषांना पडद्यावर ऐकलेली एक किंकाळी तेवढीच माहीत असते.

पहिलटकरणीला सुरुवातीच्या कळा बहुधा कंबरेतून येतात. पाळीच्या वेळी दुखते तिथेच, पण अधिक खोल. कधी वीस मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने, आणि मध्येच पूर्ण थांबतातही. या टप्प्याला किती वेळ लागेल याचा नेम नसतो. कोणाची रात्र जाते, कोणाची रात्र आणि पुढचा दिवसही. गर्भाशयाचे तोंड पाच सेंटिमीटर उघडले की कळांना खरा वेग येतो, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ पासूनची मांडणी आहे. तिथून दहा सेंटिमीटर होईपर्यंत पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत लागू शकतात. दर दहा मिनिटांत तीन-चार कळा आणि प्रत्येक कळ चाळीस सेकंदांपासून मिनिटभर टिकणारी. कळ चढते, टोकाला जाऊन तिथेच अडून राहते आणि मग ओसरते. ओसरल्यावर काही बाया त्या दोन मिनिटांत चक्क झोपतात. मग पुढची येते. ती येणार हे ठाऊक असते आणि ती कोणत्याच उपायाने थांबवता येत नाही, यातच निम्मे दुखणे असते.

आठ-नऊ सेंटिमीटरच्या सुमारास बाईचा धीर सुटतो. अंगाला कापरे भरते, ओकारी येते, "मला घरी न्या", "माझ्याच्याने होत नाही" असे ती म्हणू लागते. नवशिकी सिस्टर त्या वेळी घाबरते. जुन्या दाईला मात्र उमगते की आता फार वेळ उरलेला नाही. एका मुलीने टेबलाची लोखंडी कड इतकी घट्ट धरली होती की बोटे सोडवल्यावर तळहातावर कडेचा लाल पट्टा उमटलेला दिसला, आणि बाळाला पदराखाली घेईपर्यंत तो तसाच होता. पुढच्या टप्प्यात दुखण्याची जातच बदलते. खाली जोर येतो, आणि थांब म्हटले तरी शरीर जोर करतेच. बाळाचे डोके बाहेर येताना त्या जागी नुसती आग होते. त्यानंतर वार पडायची असते आणि पुष्कळदा टाके घालायचे असतात.

यातले खुर्चीत बसून पाच मिनिटांत किती कळेल, याचा विचार मंडळाने करावा.

अकोला_फिजिओ

सिस्टरांनी कळांचे जे वर्णन केले त्यापुढे यंत्राची बाजू मांडतो, कारण ही यंत्रे माझ्या रोजच्या वापरातली आहेत.

चित्रफितींमध्ये दिसते ते बहुतेक वेळा टेन्स किंवा स्नायूंना चेतना देणारे तत्सम यंत्र असते. कंबरदुखी, मानदुखी आणि अशक्त झालेले स्नायू यांसाठी आम्ही ते वापरतो. प्रवाहाचा जोर वाढवला की पोटाच्या भिंतीचे स्नायू आखडतात, आणि ते आखडणे खरोखर दुखते. त्या खुर्चीतला माणूस नाटक करत नसतो. परंतु त्या प्रवाहाचा परिणाम कातडी आणि वरचे स्नायू यांच्यापुरताच असतो. कळांचे दुखणे आतल्या अवयवाचे आहे. गर्भाशय आवळले जाते आणि त्याचे तोंड ताणले जाते, त्याची जाणीव छातीच्या मणक्यांपैकी दहाव्यापासून कंबरेच्या पहिल्या मणक्यापर्यंतच्या नसांमधून वर जाते. म्हणूनच बाईला नेमके कुठे दुखते हे बोट ठेवून दाखवता येत नाही. पोट, कंबर आणि मांड्या सगळेच दुखत असते. बाळ खाली सरकले की माकडहाडाच्या वरच्या भागातील वेगळ्या नसांचे दुखणे त्यात मिसळते. पुरुषाच्या शरीरात हा मार्ग जागा करण्याचा कोणताही उपाय या यंत्रात नाही. शिवाय त्याला हात वर करून "बंद करा" म्हणता येते.

आणखी एक माहिती सांगतो. ब्रिटनमध्ये हेच टेन्स यंत्र कमी जोरावर पाठीला लावून बाळंतकळा सुसह्य करण्यासाठी वापरले जाते.

शिबिरात ठेवायचेच असेल तर हृदयात पेसमेकर असलेल्या, मिरगी येणाऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला ते लावू नये, छातीवर आणि मानेवर पट्ट्या लावू नयेत, आणि ज्याने हे काम शिकलेले नाही त्याच्या हाती बटण देऊ नये. पैज लावून जोर वाढवत नेण्याचा प्रकार तर मुळीच होऊ नये.

पऱ्हाटीवाला_आर्णी

दोघांचेही म्हणणे पटले, तरीसुद्धा माझे मत यंत्राच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण सांगतो.

माझ्या पत्नीच्या दुसऱ्या खेपेला रात्री कळा सुरू झाल्या आणि आम्ही शेजाऱ्याच्या गाडीने निघालो. पावसाने रस्ता फुटलेला होता. खड्डा आला की ती दाताखाली पदर धरत असे आणि चालकाला हळू चल म्हणावे की लवकर चल म्हणावे, हे मला कळत नव्हते. त्या वाटेवर जे पाहिले ते मी गावातल्या चार माणसांना सांगू पाहिले, तर "सगळ्यांच्याच बाया बाळंत होतात" एवढेच ऐकायला मिळाले. भाषण ठेवले तर ही माणसे येणार नाहीत, हे मी खात्रीने सांगतो. यंत्र ठेवले तर झाडून सगळी येतील. दोन मिनिटे पोट आवळले गेल्यावर जो माणूस गप्प होईल, त्याला पुढची वीस मिनिटे सिस्टरांनी हेच सगळे सांगावे. वावर वखरल्याशिवाय पेरत नाहीत, तेवढेच काम यंत्राकडून घ्यावे. त्याने कळा समजतात असा दावा मंडळाने करू नये.

धामणगावची_लेक

पऱ्हाटीवाले भाऊ, तुमची तळमळ दिसते, तरीही मला हा प्रकार मान्य नाही.

माझ्या दोन मुली आहेत. दोन्ही वेळा मला किती त्रास झाला हे मी घरात स्पष्ट शब्दांत सांगितले होते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला विजेचा साक्षीदार कशाला हवा? माणसाचा पाय मोडला तर त्याचे दुखणे खरे मानण्यासाठी आपण स्वतःचा पाय मोडून पाहत नाही. बाईच्या दुखण्याच्या बाबतीतच प्रत्येक पिढीला नव्याने पुरावा का लागावा?

दुसरे असे की, चित्रफितीतले हसणे मला खटकते. बायको शेजारी उभी राहून हसते, मित्र टाळ्या पिटतात, आणि घरी गेल्यावर तो माणूस "मी सोसले, एवढे काही नव्हते" असेही म्हणू शकतो. ज्याला यंत्राचे कमी दुखले तो पुढे जन्मभर बायकोला तेच ऐकवील. ही भीती मला खरी वाटते.

शेवटी एक गोष्ट बायकांबद्दलही लिहिली पाहिजे. मला सर्वांत कठोर बोलणी पुरुषांकडून ऐकावी लागली नाहीत. "आम्ही काय बाळंत झालो नाही? सकाळी निंदायला गेलो आणि संध्याकाळी लेकरू घेऊन आलो" हे वाक्य मला घरातल्याच वडीलधाऱ्या बाईने सुनावले. स्वतः भोगलेले असूनही दुसरीचे दुखणे कळतेच असे नाही. मग दोन मिनिटांच्या प्रवाहाने पुरुषाला ते कसे कळणार?

तिवसा_रोहित

मी असे वाचले आहे की माणसाचे शरीर जास्तीत जास्त ४५ एकके वेदना सहन करू शकते आणि बाळंतपणात ५७ एकके होतात, म्हणजे एकाच वेळी वीस हाडे मोडल्याइतके. हा आकडा शिबिरात मोठ्या फलकावर लिहिला तर पुरुषांवर परिणाम होईल.

सेवाग्रामचा_विद्यार्थी

रोहित, हा मजकूर अनेक वर्षे फिरतो आहे, परंतु तो खरा नाही, म्हणून फलकावर लिहू नये. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि हा प्रश्न मला रुग्णांचे नातेवाईकही विचारतात.

वेदना मोजण्याचे 'डोल' नावाचे एकक अमेरिकेत १९४० च्या दशकात संशोधकांनी तयार केले होते. कातडीवर उष्णतेचा झोत सोडून माणसाला वेदनेची तुलना करायला लावणे, ही त्यांची पद्धत होती. बाळंतकळांसाठीही त्यांनी ती वापरली. दोन कळांच्या मधल्या वेळेत त्या स्त्रियांच्या हातावर उष्णता सोडून, नुकत्याच गेलेल्या कळेइतके दुखते का, असे विचारले जाई. कळा देत असलेल्या बाईचा हात वरून भाजणे, हे आज आपल्याला सहन होणार नाही. त्या मापाची वरची मर्यादाच साडेदहा डोल होती, त्यामुळे ५७ हा आकडा त्यात बसूच शकत नाही. पुढे हे एकक मागे पडले.

नंतर कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये शब्दांवर आधारलेली प्रश्नावली प्रसिद्ध केली. दुखणे ठणकते, जळते, पिळवटते की टोचते, हे रुग्णाने निवडायचे आणि त्यावरून गुण काढायचे. त्या प्रश्नावलीवर बाळंतकळांचे सरासरी गुण कंबरदुखी आणि दातदुखीपेक्षा वरचे निघाले, आणि पहिलटकरणींचे गुण आधी बाळंत झालेल्यांपेक्षा अधिक. सर्वांत महत्त्वाचे मला हे वाटते की, स्त्री-स्त्रीमध्ये फरक फार मोठा आढळला. कोणाला कळा सोसवल्या, कोणाला असह्य झाल्या. धामणगावच्या ताईंनी ज्या वाक्याचा उल्लेख केला त्याचे उत्तर इथे आहे. जिला खरोखर कमी त्रास झाला ती खोटे बोलत नाही, पण तिचा अनुभव सुनेला लागू होत नाही.

वाशीमचे_गुरुजी

या निमित्ताने महाभारतातील युवनाश्व राजाची कथा आठवली. पुत्रासाठी राणीने प्यायचे मंत्रलेले पाणी त्या राजाने रात्री तहान लागली म्हणून पिऊन टाकले आणि गर्भ त्याच्याच पोटात राहिला. पुढे त्याची डावी कूस फोडून मांधाता जन्मला आणि इंद्राने आपले बोट बाळाच्या तोंडात दिले. कथेत राजा वाचतो, आणि गर्भामुळे त्याला वेदना होणार नाहीत असे ऋषींनी आधीच सांगून ठेवलेले असते. पुरुषाला गर्भ देण्यापर्यंत कल्पना गेली, कळा मात्र तिने त्याला दिल्या नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

जगात अनेक समाजांत बाईच्या बाळंतपणाच्या वेळी नवऱ्याने अंथरुणावर पडून राहण्याची, पथ्य पाळण्याची रीत होती. आंध्रातील येरुकल समाजात नवरा बायकोचे लुगडे नेसून अंधाऱ्या खोलीत निजत असे, असे इंग्रजी अमदानीतील नोंदींत आढळते. तेव्हा पुरुषाने बाळंतपणाचा अनुभव ओढून घेण्याचा प्रयत्न आजचा नाही. त्या रीतीत निदान नवरा कामधंदा सोडून घरी थांबत असे, हे मात्र लक्षात घेण्यासारखे आहे.

मातीशी_नाते

सर्वांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. कळा ही निसर्गाची योजना आहे. त्या सोसूनच आई घडते, असे आपल्या आज्या सांगत आल्या. इतकी चिकित्सा आणि इतकी भीती पसरवली तर मुली बाळंतपणालाच घाबरू लागतील.

वरोऱ्याची_वाचक

मातीशी_नाते दादा, सोसण्यानेच आई घडत असेल तर माझ्यासारख्या सिझर झालेल्या बायकांनी स्वतःला काय म्हणावे? मला रात्रभर कळा आल्या, बाळाचे ठोके कमी होऊ लागले आणि पहाटे शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे दोन्ही वाट्याला आले. तरीही भेटायला आलेल्या पाहुण्यांनी "हिची सुटका सोपी झाली, चिरून काढले" असे माझ्यासमोर म्हटले. त्या वेळी मला खोकलाही दाबून ठेवावा लागत होता, कारण खोकले की टाक्यांत सुरी फिरत असे. कुशीवर वळायचे तर आधी गुडघे दुमडायचे, मग बाजेची कड धरायची आणि मग श्वास रोखून वळायचे. बाळाला पाजायला घेताना ते पोटावर टेकू नये म्हणून माझी आई उशी धरून बसत असे. यातले काहीही कोणत्या यंत्रात दिसत नाही, आणि आमच्या भागात सिझर म्हणजे न दुखता झालेले बाळंतपण, असा समज पक्का आहे. शिबिरात हा विषय घ्याच.

सेवाग्रामचा_विद्यार्थी

वरोऱ्याच्या ताईंशी पूर्ण सहमत आहे. सोसण्याच्या मुद्द्यावर थोडा इतिहास सांगतो. एडिंबरा येथील जेम्स सिम्पसन यांनी १८४७ मध्ये प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हा तिथल्या धर्मोपदेशकांकडूनही हाच आक्षेप आला होता की कळा ही ईश्वराची योजना आहे. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने स्वतःच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला आणि विरोध बराच मावळला. आज पाठीच्या कण्यापाशी औषध देऊन कळा कमी करता येतात, परंतु त्यासाठी भूलतज्ज्ञ हजर असावा लागतो आणि आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी ती सोय क्वचितच मिळते. भीती माहिती दिल्याने वाढते, हा माझा अनुभव नाही. पुढे काय होणार हे जिला आधीच समजावलेले असते ती बाई कळांमध्ये कमी गांगरते.

नाव_नको

माझे लिहिणे थोडे कटू वाटेल. मला कळांपेक्षा अधिक दुखले ते प्रसूतिगृहातले बोलणे. कुठल्या दवाखान्यात ते सांगणार नाही. मी ओरडले म्हणून मांडीवर चापट बसली आणि "तेव्हा नाही ओरडलीस" असे बोलले गेले. एकाने पोटावर हाताने जोर देऊन बाळ खाली ढकलले. नवरा भिंतीपलीकडे होता आणि त्याला यातले काहीही ठाऊक नव्हते. मी त्याला फार उशिरा सांगितले. तो बराच वेळ काहीच बोलला नाही आणि मग "मी आत असतो तर असे झाले नसते" असे म्हणाला. मला तेच वाक्य या धाग्यात नोंदवायचे होते. पुरुषांना समजून घ्यायचे असेल तर त्यांनी आत येण्याचा हक्क मागावा.

निवृत्त_सिस्टर

ताई, तुम्ही लिहिलेत हे बरे केलेत. असे प्रकार मी पाहिले आहेत आणि त्यांना कोणतीही सबब नाही. पोटावर दाब देऊन बाळ ढकलू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे.

सोबतीबद्दल सांगते. प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिच्या पसंतीचे माणूस असावे, यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांना सूचना दिल्या आहेत. सोबतीला शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातील स्त्री असावी आणि जिथे आडोसा राखता येतो तिथे नवऱ्यालाही येऊ द्यावे, असे त्यात आहे. सरकारी प्रसूतिगृहे सुधारण्यासाठी डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सन्मानाची वागणूक आणि सोबत यांवर भर आहे. अडचण जागेची असते. एकाच खोलीत दोन-तीन टेबले असतील तर परपुरुष आत आलेला दुसऱ्या बाईला कसा चालेल? परंतु टेबलांमध्ये पडदे लावणे काही फार खर्चाचे काम नाही. ग्रामपंचायतीने आणि रुग्ण कल्याण समितीने मनावर घेतले तर ते होते. माझ्या एका केंद्रात झाले होते.

पऱ्हाटीवाला_आर्णी

नाव_नको ताई, तुमचे वाचून मी माझ्या घरी विचारले. इतक्या वर्षांत मी हा प्रश्न विचारला नव्हता आणि तिनेही आपणहून सांगितले नव्हते. जे ऐकले ते इथे लिहिण्याची तिची परवानगी नाही. यंत्र ठेवावे की नाही याहून, शिबिराला येणाऱ्या प्रत्येक पुरुषाने आदल्या दिवशी घरी हा एक प्रश्न विचारून यावे, असे आता मला वाटते.

धारणीची_आशा

मी मेळघाटात आशा कार्यकर्ती आहे. आमच्याकडे काही गावांतून दवाखाना गाठायला तास न् तास लागतात, म्हणून तारखेच्या आधीच बाईने येऊन राहावे यासाठी आरोग्य केंद्राजवळ माहेरघराची सोय आहे. तिथे यायला बाई सहसा तयार असते. घरी मागे राहिलेल्या लेकरांना कोण सांभाळील आणि चुलीचे काय, या प्रश्नावर अडते. जो नवरा "मी पाहतो, तू जा" म्हणतो, त्याची बायको वेळेवर पोहोचते. कळा समजून घेण्याची माझ्या दृष्टीने हीच परीक्षा आहे.

मला आणखी एक भर घालायची आहे. सगळी चर्चा बाळ बाहेर येईपर्यंतच येऊन थांबते आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्या गटाने घरी बाळंत होणाऱ्या ७७२ स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यांपैकी १७.७ टक्के स्त्रियांना प्रसूतीच्या वेळी काही ना काही आजारपण झाले, तर नंतरच्या बाळंतिणीच्या काळात ते ४२.९ टक्के स्त्रियांना झाले. स्तनांना गाठी आणि सूज, उशिरा होणारा रक्तस्राव, ताप हे सगळे त्यात येते. म्हणजे घरातल्यांना सगळे आटोपले असे वाटते, त्यानंतर बाई अधिक आजारी पडते. घरभेटीला गेले की बाईच्या अंगाला हात लावल्याबरोबर ताप समजतो, आणि बाहेर ओसरीवर नवरा "सगळे ठीक आहे" म्हणून सांगत असतो. त्याला खोटे बोलायचे नसते. त्याने बाजेजवळ जाऊन पाहिलेलेच नसते. पाजताना पहिले काही दिवस पोटात पुन्हा कळा येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्या अधिक जोरात असतात, हे किती पुरुषांना माहीत आहे?

अकोला_फिजिओ

आशाताईंचा मुद्दा फार मोलाचा आहे. केंद्र सरकारच्या नोकरदाराला बाळंतपणासाठी १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. कास्तकाराला आणि मजुराला ती कोण देणार? वेचणीच्या दिवसांत बाळंतपण आले तर शेजारच्या दोन घरांनी मिळून त्याचे वावर पाहावे, अशी काही व्यवस्था गावाने बसवली तरच नवरा घरी थांबू शकेल. मंडळाने याचाही विचार करावा.

घाटंजीकर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी बैठक झाली आणि हा संपूर्ण धागा मी मोठ्याने वाचून दाखवला. नाव_नको ताईंचा प्रतिसाद वाचताना मध्ये थांबावे लागले.

बैठकीला प्रथमच बचत गटाच्या बायकांना बोलावले होते. यंत्राबद्दल त्यांनाच विचारले, तेव्हा मतभेद इथल्यासारखेच निघाले. काही जणी "लावाच यांना" म्हणाल्या, तर बहुतेकींना पुरुष ओरडताना पाहण्यात रस नव्हता. त्यांचे म्हणणे असे पडले की, ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी आमच्यासमोर बसावे आणि मध्ये बोलू नये. त्यामुळे यंत्र यंदा ठेवणार नाही. त्याऐवजी चार बाया स्वतःची बाळंतपणे पुरुषांसमोर सांगणार आहेत आणि त्यांपैकी एक सिझर झालेली आहे. त्यानंतर प्रसूतिगृहात पडदे लावण्याचा अर्ज आरोग्य केंद्राकडे देण्यासाठी तिथेच सह्या घेऊ. निवृत्त सिस्टर यायला तयार आहेत. वेळ संध्याकाळी सातची ठेवली आहे, कारण वेचणीहून परतून स्वयंपाक उरकल्याशिवाय बायकांना येता येत नाही. त्या दिवशीचा स्वयंपाक मंडळाची मुले करणार आहेत.

धामणगावची_लेक

हे मला मान्य आहे. ज्या चार जणी बोलणार आहेत त्यांना आधीच सांगून ठेवा की जे सांगायचे नसेल ते सांगू नका, आणि तिथे कोणीही मोबाइलवर चित्रण करणार नाही याची हमी मंडळाने द्यावी.

घाटंजीकर

हमी देतो. मोबाइल दारातच जमा करू.

पांढरकवड्याचा_सागर

माझे लग्न अजून झालेले नाही, परंतु माझ्या मोठ्या बहिणीचे दिवस भरत आले आहेत आणि ती आमच्याकडेच बाळंतपणाला आली आहे. भावजी कामानिमित्त पुण्याला असतात, त्यामुळे ऐन वेळी गाडी काढणारा मीच असेन. मी आलो तर चालेल का? आणि कळा येत असताना तिच्यासाठी मला नेमके काय करता येईल?

निवृत्त_सिस्टर

सागर, अवश्य ये. १०२ आणि १०८ हे दोन्ही क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेव आणि कोणत्या दवाखान्यात न्यायचे ते आजच बहिणीला विचारून ठरव. कळ येते तेव्हा पाठीच्या अगदी खालच्या सपाट हाडावर तळहाताच्या टाचेने स्थिर दाब द्यायचा असतो. चोळायचे नसते, आणि कळ ओसरली की हात काढायचा. किती जोराने दाबायचे ते तीच सांगेल. तिने नको म्हटले तर लगेच थांबायचे. मधल्या वेळेत घोट-घोट पाणी द्यायचे, आणि "थोडेच राहिले" असे वारंवार म्हणायचे नाही, कारण ते तुला ठाऊक नसते. दाब कसा द्यायचा हे शिबिरात सगळ्या पुरुषांना मी स्वतः दाखवीन. येताना नखे कापून ये.